मुतखडा पाहायला गेलो अन् पोटातली मोठी नस फुगलेली निघाली: आमच्या तालुक्यातल्या सोनोग्राफी सेंटरचा अनुभव

चार स्टार देतोय. पाचवा काहून कापला ते शेवटी सांगतो, आधी कामाचं बोलू.

पेशंट म्हणजे आमचे सासरे, मामाजी. वय ७१, वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात कापूस-तूर करणारा माणूस, अंगानं काटक, पोरवयापासून बिडी चालू, तंबाखू-सुपारीचा खर्रा वेगळा. बीपीची गोळी लागली आहे पण आठवली तं घेतात. साळा पुण्याला नोकरीत, त्यामुळे दवाखान्याचं सगळं माझ्याच गाडीवर. कापूस वेचणी जोरात असताना त्यांना कमरेतून डाव्या बाजूनं कळ निघून खाली जांघेपर्यंत यायला लागली, गावातल्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, थोडं बरं वाटलं, परत दुखलं, मग त्यानं चिठ्ठीवर लिहून दिलं की किडनी अन् लघवीच्या पिशवीची सोनोग्राफी करून आणा, मुतखडा असेल. साधी गोष्ट. आपल्याकडे उन्हाळ्यात तं घराआड एकाला मुतखडा असतोच.

ह्या सेंटरला गेलो कारण बसस्टँडपासून पायी जाता येते अन् रेट बरा आहे, एवढंच. बाहेर गर्भलिंग निदान होत नाही असा भला मोठा बोर्ड, आत दहा-बारा खुर्च्या, बहुतेक गरोदर बाया अन् त्यांच्या सासवा. पाणी पिऊन बसा म्हणाले, लघवी दाटून आली की सांगा. मामाजी पाणी पिऊन बसले अन् दर दोन मिनिटांनी मले म्हणत, "जवाईबापू, आता नाई थांबवत, सांगा न तिले." रेडिओलॉजिस्ट मॅडम आहेत, तरुण आहेत, बोलायला एकदम सरळ. डाव्या किडनीत ५ मिलिमीटरचा खडा दाखवला, लघवीची पिशवी पाहिली, प्रोस्टेट थोडी मोठी म्हणाल्या. चिठ्ठीत जेवढं लिहिलं होतं तेवढं झालं. दुसरीकडे इथंच टिश्यू पेपर हातात देऊन उठवून देतात.

ह्यांनी नाही उठवलं. प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा सोनोग्राफीचा दांडा, बेंबीच्या वर आडवा ठेवून दाबला अन् विचारलं, "काका, बिडी-सिगारेट किती वर्षांपासून?" मामाजी म्हणाले, "कळते तवापासून." मग त्या गप्प, पडद्याकडे पाहत राहिल्या. मले बोलावून दाखवलं. मणक्याच्या पुढं एक काळा गोल, धडधड करत होता, अन् त्याच्या आतल्या कडेला राखाडी थर. म्हणाल्या, ही महाधमनी, हृदयातून निघून पोटातून खाली जाणारी सगळ्यात मोठी रक्ताची नस, साधारण २ सेंटीमीटर जाड पाहिजे, ३ च्या वर गेली तं त्याला ॲन्युरिझम म्हणायचं. इथं ४.५ च्या आसपास दिसते, पण पोटात गॅस खूप आहे, बेसन खाऊन आलात वाटते, कडा नीट सापडत नाहीत. उद्या सकाळी उपाशीपोटी घेऊन या, परत पैसे नाही लागणार.

परत पैसे नाही लागणार. हे वाक्य मी तालुक्याच्या कोणत्याच सेंटरमध्ये ऐकलं नव्हतं, म्हणून इथं मुद्दाम लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी नीट मोजलं, ४.६ सेंटीमीटर. मॅडमनं मोजतानाच समजावून सांगितलं की तो राखाडी थर म्हणजे नसेच्या भिंतीला चिकटलेलं जुनं गोठलेलं रक्त. काही लोकं नुसता मधला काळा भाग मोजतात, मग आकडा लहान येतो अन् पेशंट निवांत घरी जातो. खरं माप भिंतीपासून भिंतीपर्यंत, थरासकट. अन् नस जिकडे वाकलेली असेल तिथं प्रोबही तसाच फिरवून बरोबर आडवा काप घ्यावा लागते, तिरपा घेतला तं गोलाचा अंडाकार होते अन् आकडा उगाच वाढते. तेव्हा मी हो हो केलं. ह्या वाक्याची किंमत पुढे कळली.

मी विचारलं, चिठ्ठीत तं हे नव्हतंच, मग पाहिलं कसं काय? त्यांचं उत्तर असं की साठीच्या वरचा माणूस, त्यात बिडीवाला, अन् आयुष्यात पहिल्यांदाच मुतखड्यासारखं दुखलं, तं मोठी नस पाहिल्याशिवाय मी टेबलावरून उठवत नाही. कारण ही नस चिरायला लागते तेव्हाही कळ अशीच कमरेतून जांघेत येते, अन् मुतखडा म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलेला माणूस दगावू शकते. मामाजींचं दुखणं खरंच खड्याचंच निघालं, नस फुटलेली नव्हती, ती नुसती फुगून बसली होती, कोणाला पत्ता नव्हता. बहुतेकांमध्ये असंच असते म्हणे, काही त्रास नाही, दुसऱ्याच कामासाठी सोनोग्राफी करताना सापडते. बारीक माणसाच्या पोटावर बेंबीच्या वर ठोका दिसते, पण तो तं निरोग्या बारीक माणसातही दिसते, त्यामुळे हात लावून खात्री होत नाही, मापच पाहिजे.

मामाजींना समजावताना मॅडमनं शेतातलंच उदाहरण घेतलं. लपेटा पाईप उन्हानं एका जागी विरला की मोटर चालू केल्यावर तिथंच फुगा येते, अन् जितका फुगा मोठा तितका त्या जागेवर ताण जास्त. मामाजींना ते पटलं. पटल्यावर पहिला प्रश्न, "मंग क्लिप नाई लावता येत का?" मॅडम हसल्या, म्हणाल्या, लावता येते, पण इतक्यात नाही.

इतक्यात काहून नाही, हे नागपूरच्या व्हॅस्क्युलर सर्जनकडून, म्हणजे रक्ताच्या नसांचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरकडून कळलं. सेवाग्राम अन् सावंगीचे मोठे दवाखाने आम्हाला जवळ पडतात, पण नागपुरात मामाजींची बहीण राहते, राहण्याजेवणाची सोय म्हणून तिकडे गेलो. सर्जन म्हणाले, माणसांमध्ये ५.५ सेंटीमीटर अन् बायांमध्ये ५ च्या आसपास गेल्यावर ऑपरेशनचा विचार करतात, किंवा लहान असूनही भराभर वाढत असेल तं. त्याच्या खाली ऑपरेशनचा धोका फुटण्याच्या धोक्यापेक्षा जास्त पडते. हे कोणाचं मत नाही, इंग्लंडमध्ये अन् अमेरिकेत हजार-हजार पेशंट घेऊन तपासलेलं आहे, १९९८ अन् २००२ साली निकाल आले, लहान फुगा लवकर कापून जगण्यात फायदा झाला नाही. म्हणून आत्ता काम एकच, मोजत राहायचं. इंग्लंडमध्ये ४.५ च्या वर गेलं की दर तीन महिन्यांनी मोजतात, अमेरिकेतले डॉक्टर ५ पर्यंत वर्षातून एकदा म्हणतात, आमच्यासाठी त्यांनी सहा महिने ठरवलं. वाढ साधारण वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, बिडी चालू ठेवली तं त्याहून जास्त.

अन् इथंच ह्या सेंटरची खरी परीक्षा झाली, कारण पुढचं माप आम्ही इथं नाही केलं. मामाजींना एका लग्नासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं होतं, तारीखही आली होती, मेहुणीचा नवरा म्हणाला आमच्याकडे मोठं सेंटर आहे, नवी मशीन आहे, तिथंच करून घेऊ. झालं. एसी हॉल, टोकन, टीव्ही, सगळं भारी, आतमध्ये पाच मिनिटं नाही लागले, रिपोर्ट हातात. ५.२ सेंटीमीटर. खाली ठळक अक्षरात, ताबडतोब सर्जनला दाखवा. सहा महिन्यांत ६ मिलिमीटर वाढली म्हणजे घात. बायको रडायला लागली, साळ्याचा पुण्याहून फोनवर फोन, विमानानं आणा म्हणे, मामीजींनी लग्नघरातच देवाला नवस बोलून टाकला. त्यात संध्याकाळी एका खाजगी दवाखान्याच्या माणसाचा फोन, स्टेंट (नसेत आतून बसवायची नळी) टाकून देतो, पॅकेज आहे, आजच भरती करा. आमचा नंबर त्याला कोणी दिला हे मी विचारलं तं फोन कट. ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी सरळ ह्याच मॅडमकडे आणलं. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले, फिल्म उजेडात धरली अन् म्हणाल्या, हा काप तिरपा आहे, गोल नाही, लांबट दिसतो बघा. परत मोजलं, उभं अन् आडवं दोन्हीकडून, दोन-तीनदा, मामाजींना श्वास धरायला लावून. ४.७ आलं. तरी त्या म्हणाल्या नाहीत की माझंच बरोबर. म्हणाल्या, आकड्यात एवढा फरक आहे तं एकदा सीटी अँजिओ, म्हणजे नसांचा सीटी स्कॅन, करून टाका, वाद मिटेल, फक्त आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घ्या कारण सीटीत डाय देतात अन् काकांच्या किडनीत खडा आहे, बीपी आहे. नागपूरला सीटी झालं. ४.७. सर्जननं स्वतः रिपोर्टवर पेनानं लिहून दिलं, ह्यापुढे एकाच सेंटरला, एकाच पद्धतीनं मोजा.

म्हणून माझं म्हणणं, ज्याच्या घरी असा पेशंट आहे त्यानं मशीन किती नवी अन् हॉल किती थंड हे पाहू नये. मोजणारा हात कोणाचा हे पाहावं, अन् मागचा रिपोर्ट शेजारी ठेवून मोजतात का हे पाहावं. ह्या सेंटरचा रिपोर्ट मी तीन डॉक्टरांना दाखवला, तिघांनीही तो न कुरकुरता वाचला. त्यात फुगा किडनीच्या नसांच्या खाली आहे हे लिहिलं आहे, पुढून-मागे किती, लांबी किती, आत थर किती, माप बाहेरच्या भिंतीपासून घेतलं हे पण लिहिलं आहे. दुसऱ्या ठिकाणच्या रिपोर्टमध्ये एक आकडा अन् एक सही.

आता मॅडमनं सांगितलेली अन् घरात भिंतीवर लिहून ठेवलेली गोष्ट, जी सगळ्यांच्या कामाची आहे. अचानक पोटात किंवा पाठीत फाटल्यासारखं दुखलं, घाम फुटला, डोळ्यापुढं अंधारी आली, चक्कर येऊन पडला, तं गावातल्या डॉक्टरकडे इंजेक्शनला नाही न्यायचं, १०८ ला फोन करायचा अन् पहिल्याच वाक्यात सांगायचं की पोटाच्या नसेचा ॲन्युरिझम आहे. जिथं सर्जन अन् रक्तपेढी आहे तिथंच न्यायचं. फुटल्यावर बहुतेक लोकं वाचत नाहीत, अर्धे तं दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचत नाहीत. आमच्या गावाहून नागपूर म्हणजे अडीच-तीन तास, त्यातही पावसाळ्यात नाल्याला पूर आला की बोलायलाच नको. म्हणूनच फुटायच्या आधी मोजत राहणं.

गोळ्यांचं पण सांगतो. मधे लघवीत जळजळ झाली तेव्हा एका डॉक्टरनं न विचारता लिव्होफ्लॉक्सासिन लिहून दिली. नागपूरच्या सर्जननं आधीच बजावलं होतं की सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ह्या जातीच्या गोळ्या असा फुगा असलेल्यानं टाळायच्या, अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१८ मध्ये तसा इशाराच दिला आहे, नस चिरायचा धोका वाढतो म्हणून. दुसरा इलाजच नसेल तं गोष्ट वेगळी. मी मेडिकलवरूनच फोन लावला, गोळी बदलून घेतली. आपल्याकडे जुलाब झाले तरी सिप्रो, खोकला झाला तरी लिव्हो, म्हणून डॉक्टरकडे बसल्या बसल्या आधी फुग्याचं सांगा. बाकी बीपीची गोळी रोज, कोलेस्टेरॉलची एक रोज, चालणं-फिरणं चालू, वखरापर्यंत ठीक, कापसाचे गाठोडे अन् खताच्या बॅगा उचलणं बंद.

बिडी हा मोठा तमाशा झाला. मामाजी म्हणे, "आमचा बाप नव्वद वर्षं बिडी पेला, त्याले काई झालं नाई." माझ्या पोरानं मोबाईलवर वाचून दाखवलं की आइन्स्टाईनला पण हाच आजार होता, १९४८ मध्ये रुडॉल्फ निसेन नावाच्या सर्जननं त्यांची फुगलेली नस सेलोफेन कागदानं गुंडाळली होती, भिंत घट्ट व्हावी म्हणून, अन् १९५५ च्या एप्रिलमध्ये ती फुटून ते गेले, शेवटी ऑपरेशनला नाही म्हणाले. मामाजींनी शांतपणे ऐकलं अन् विचारलं, "तो बिडी पे का?" पोरगं म्हणालं, पाइप प्यायचे आजोबा. त्या दिवसापासून बिडी बंद. डॉक्टरचं नाही ऐकलं, सुनेचं नाही ऐकलं, आइन्स्टाईनचं ऐकलं. खर्रा मात्र अजून लपूनछपून चालू आहे, त्यावर लढाई सुरू आहे.

पुढं कधी ५.५ झालं तं दोन रस्ते आहेत असं सर्जन म्हणाले. एक पोट उघडून फुगलेल्या जागी कापडासारखी कृत्रिम नळी शिवायची, मोठं ऑपरेशन, आयसीयू, सुधारायला महिने. दुसरा जांघेच्या नसेतून तार घालून आतून झाकलेला स्टेंट बसवायचा. हे पहिल्यांदा १९९० मध्ये अर्जेंटिनात हुआन पारोदी ह्यांनी केलं. घरी लवकर येतो माणूस, पण त्या स्टेंटची किंमतच लाखांत, अन् नंतरही जन्मभर तपासण्या, कारण कधी कधी स्टेंटच्या बाजूनं रक्त झिरपत राहते. अन् प्रत्येकाच्या नसेची ठेवण त्याला बसतेच असं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणत्या दवाखान्यात काय बसेल ते आरोग्यमित्राला आधी विचारून ठेवा म्हणाले, ऐनवेळी कागदं जमत नाहीत. रेशनकार्ड अन् आधारच्या नावात फरक होता तो मी आत्ताच दुरुस्तीला टाकला आहे, मामाजींच्या नावात एकीकडे वडलांचं नाव आहे, दुसरीकडे नाही.

अजून एक. हा आजार घराण्यात चालते, म्हणून मॅडमनं मामाजींच्या धाकट्या भावालाही बोलावलं. काका येत नव्हते, "मले कायचा धोका, मले शुगर हाये" म्हणे. आता गंमत अशी की शुगरवाल्यांमध्ये हा फुगा खरंच कमी सापडतो, पण कमी म्हणजे नाहीच असं नाही, अन् हे दोघा भावांनाही ठाऊक नव्हतं, म्हातारा आपला अंदाजानं बोलला होता. तपासलं, १.९ निघालं, एकदम बरोबर. विदेशात तं ६५ च्या वरच्या माणसांची एकदा अशी तपासणी करूनच घेतात, इंग्लंडमध्ये सरकारी खर्चानं सगळ्या पुरुषांची, अमेरिकेत ज्यांनी कधी बिडी-सिगारेट ओढली त्यांची. आपल्या गावात बिडी ओढणारे म्हातारे मोजले तं पारावर जागा पुरणार नाही, पण सोनोग्राफी म्हटलं की बायकांचं काम असं समजून कोणी जातच नाही.

आता पाचवा स्टार. संडास. लघवी दाटून बसा म्हणता अन् संडास एकच, त्याची कडी लागत नाही, बाहेर बाया रांगेत, म्हाताऱ्या माणसानं काय करावं? पिण्याच्या पाण्याचा कॅन अर्ध्या वेळेस रिकामा, शेजारच्या टपरीवरून बाटली आणावी लागते. काउंटरवरचा पोरगा पावती मागितली की तोंड वाकडं करतो, मागा, देतो, पण मागावी लागते. रिपोर्ट इंग्रजीत येतो, मॅडम तोंडी सांगतात म्हणून चालते, त्या नसल्या तं काउंटरवाल्याला काही सांगता येत नाही. पोटाच्या सोनोग्राफीला हजार रुपये घेतात, नुसत्या मोठ्या नसेचं फॉलोअपचं माप असेल तं कमी घेतात, पण हे बोर्डावर लिहिलेलं नाही, विचारलं तरच कळते.

जायचं असेल तं सकाळी उपाशी जा, आदल्या रात्री झुणका-भाकर अन् हरभरा टाळा, जुना रिपोर्ट अन् फिल्म सोबत न्या, अन् मॅडम आहेत का ते आधी फोनवर विचारा, कारण आठवड्यात काही दिवस त्या दुसऱ्या गावी जातात अन् तेव्हा दुसरे डॉक्टर बसतात. बाजाराच्या दिवशी अजिबात जाऊ नका, दुपारचे दोन वाजतात.